एमिल ह्रुश्काचं साल

"अहो, पण मी तो प्रोग्राम विकत घेतलाय!" आर्लन लुंडे फोनवर ओरडला. "खोकं आहे इथे माझ्यासमोर. त्याच्यावर छापलंय, कायमचा परवाना. वाचून दाखवू?"

"नको सर, मला समजतंय तुमचं," पलीकडची, कंपनीच्या मदतकक्षातली केल्सी मधाळ आवाजात म्हणाली. "तुम्हाला त्रास झाला, आम्ही खरंच दिलगीर आहोत. पण कायमचा म्हणजे ते व्हर्शन चालू असेपर्यंत कायमचा. ते आम्ही बंद केलं ना."

"तुम्ही बंद केलंत. मी कुठे बंद केलंय? माझा ट्रॅक्टर बनवणारी कंपनी कधीच बुडाली. ट्रॅक्टर चालतोय अजून. कोणी येऊन त्याची किल्ली काढून नेली नाही."

"ट्रॅक्टरचं मला काही सांगता येणार नाही, सर."

"ते कळतंय."

"पण आमचं नवीन व्हर्शन फार छान आहे. दरमहा थोडेसेच पैसे. तुम्ही आमच्या कुटुंबात आलात तर…"

आर्लनने फोन ठेवला. आणखी दोन वाक्यं ऐकली असती तर त्याने तो भिंतीवर आपटला असता, आणि फोन तरी त्याच्या मालकीचा होता.

एल्म फॉल्स गावात कोणी मेलं की त्याचं नाव दगडावर कोरायचं काम लुंड्यांकडे येतं. आर्लनच्या बापाने उभी हयात हेच केलं. तो रबराच्या चादरीवर अक्षरं काढून सुरीने कापायचा, ती स्टेन्सिल ग्रॅनाइटवर चिकटवायचा आणि वरून वाळूचा जोरदार फवारा मारायचा. रबर असेल तिथे दगड वाचतो, नसेल तिथे खोल जातो. त्याच्या अक्षरांना आणि आकड्यांना एक वळण होतं. दोनाची मान जरा वाकलेली, चाराचा पाय आत ओढलेला. आर्लनने ते वळण उचललं, पण पन्नाशीत त्याचे हात थरथरायला लागले. डॉक्टर म्हणाले, हे असंच राहणार. सुरी हातात धरवेना, कॉफीचा कप धरायचा तर तोही दोन्ही हातांनी.

तेव्हा त्याने अक्षरं आखायचा तो प्रोग्राम घेतला. चांगली जड किंमत मोजून, खोक्यासकट. एक अख्खा हिवाळा बसून त्याने बापाचं प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक आकडा त्यात उतरवला. एकेक बिंदू बटणाने इकडेतिकडे सरकवायला हात स्थिर लागत नाही, चिकाटी लागते, आणि ती त्याच्याकडे पोत्याने होती. त्यानंतर गावातला प्रत्येक दगड त्याने त्यातूनच केला. कॉम्प्युटरवर आखायचं, यंत्र रबर कापायचं. गेलेले हात परत आले असंच त्याला वाटायचं.

मार्चमध्ये जुना कॉम्प्युटर बसला. आर्लनने नवा आणला, खोक्यातली सीडी घातली. प्रोग्रामने कंपनीला विचारलं, हा माणूस खरा का? आणि कंपनीने ते उत्तर देणारी खिडकीच बंद करून टाकली होती. चित्रं सगळी शाबूत, वेगळ्या डिस्कवर जपून ठेवलेली. पण ती उघडतात फक्त त्याच प्रोग्राममध्ये. म्हणजे घर आर्लनने बांधलं, आणि कुलूप मात्र भलत्याचं.

चिडून गप्प बसता आलं असतं तर तो बसला असता. पण मे उजाडला होता आणि रोझली ह्रुश्का येऊन गेली होती.

रोझली शाळेच्या स्वयंपाकघरात होती तेव्हा आर्लन तिसरीत होता. तिने त्याला वाढलेल्या डम्पलिंगची चव त्याला अजून आठवते. तिचा नवरा एमिल जानेवारीत गेला. जमीन गोठलेली, त्यामुळे दगडाचं काम वसंतावर टाकलं. दगड दोघांचा मिळून आधीच उभा होता, आर्लननेच केलेला. डाव्या अंगाला एमिल, १९३८, पुढे रेघ. उजव्या अंगाला रोझली, १९४१, पुढे रेघ. रेघेच्या पुढे कोरा दगड.

"महिनाअखेरीला, मेमोरियल डेला सगळी येणार आहेत," ती म्हणाली होती. "मुलं, नातवंडं, डुलुथची नणंद. लीजनचे जुने सैनिक त्याच्या दगडापाशी झेंडा रोवणार. आणि दगड बघावा तर एमिल अजून जिवंत! असं नको रे आर्लन. चार महिने मी त्याच्याशिवाय जेवतेय. तो गेलाय हे आता दगडालाही कळू दे."

"होऊन जाईल, मिसेस ह्रुश्का," आर्लनने शब्द दिला होता.

शेवटी त्याच्या मुलीने, इन्ग्रिडने, मिलवॉकीहून फोन करून त्याला झापलं. "डॅड, भर ना ते पैसे! तत्त्व घेऊन काय दगडावर चिकटवणार आहेस?"

"पैशाचा प्रश्न नाही गं. माझंच काम मला बघायला मी भाडं का भरू?"

"कारण रोझलीला साल हवंय."

त्याने मुकाट्याने कार्डाचा नंबर टाकला. पडद्यावर रंगीत कागदांचा पाऊस पडला, कुटुंबात स्वागत झालं. ह्रुश्कांची फाइल उघडली, एमिलच्या रेघेपुढे त्याने २०२४ टाकलं. आर्लनने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नावं तीच, पण अक्षरं कुठलीतरी परकी. दोनाची मान ताठ, चार कोणत्यातरी बँकेच्या पाटीवरून उचलल्यासारखा. खाली बारीक सूचना होती: जुन्या पद्धतीची अक्षरं आता चालत नाहीत, त्यांच्या जागी जवळची अक्षरं वापरली आहेत.

तळपायाची आग मस्तकात गेली त्याच्या. त्याने पुन्हा फोन लावला. पुन्हा केल्सीच.

"माझ्या बापाची अक्षरं कुठे आहेत?"

"सर, तुमची फाइल आम्ही नव्या रूपात आणलीय."

"मी मागितलं होतं नवं रूप? त्या बाईच्या दगडावर एक आकडा एका हाताचा आणि दुसरा भलत्याच हाताचा दिसणार! मरेपर्यंत तिने ते बघायचं, आणि मेल्यावर त्याच्याच खाली झोपायचं!"

इतका वेळ कागदावरचं वाचल्यासारखा येणारा केल्सीचा आवाज एकदम खाली आला. "मिस्टर लुंडे, मला खरंच वाईट वाटतंय. माझ्या हातात काही नाही हो."

"मग बंद करा माझं ते सदस्यत्व."

"ते वर्षाचं आहे, सर. मध्येच सोडलं तर उरलेल्या महिन्यांचा निम्मा आकार पडतो."

आर्लन हसला. राग इतका पुढे गेला होता की दुसरं काही येईना.

शनिवारी रोझली चौकशीला आली. त्याने काही न लपवता सगळं सांगितलं आणि मान खाली घालून बसला. रोझलीने ऐकून घेतलं आणि पर्स टेबलावर आपटली.

"मेले चोर! विकलेली वस्तू घरात शिरून परत न्यायची? मी वाढलेलं ताट कोणाच्या पुढून ओढलं असतं तर प्रिन्सिपॉलने मला हाकललं असतं." मग श्वास घेऊन म्हणाली, "तुझ्या बापाच्या वेळी कुठे होतं हे सगळं? तो काय करायचा?"

"हाताने कापायचा. माझे हात…" त्याने ते वर करून दाखवले. दाखवायची गरज नव्हती, गावाला माहीत होतं.

"आणि आकड्यांचं वळण कुठून आणायचं?"

"ते आहे," आर्लन म्हणाला. बोलता बोलताच ते त्याच्या लक्षात आलं होतं. "दफनभूमीत आहे की. सगळीकडे आहे."

दुपारी दोघं सेंट वेन्सेस्लॉसच्या दफनभूमीत गेली. रोझली दगडावर पातळ कागद धरून ठेवी आणि आर्लन काळ्या मेणाची वडी वरून घाशी, की कोरलेला आकडा कागदावर पांढरा उठून दिसे. त्याला हात थरथरले तरी चालत. ह्रुश्कांच्या आकड्यांच्याच मापाचे आकडे असलेले दगड तेवढे निवडायचे होते. दोन मिळाला एका पोस्टमनच्या दगडावर. शून्य फादर स्वोबोदांचं.

"त्यांना चालेल का?" आर्लनने विचारलं.

"जन्मभर दानपेटी फिरवली त्यांनी आमच्यासमोर. एक शून्य देतील," रोझली म्हणाली. कागदांची सुरळी करता करता ती थांबली. "सगळेच आकडे घे उतरवून. शून्य ते नऊ."

"आपल्याला फक्त दोन, शून्य, चार लागतात."

"घे म्हणते ना."

त्याने घेतले.

दुकानात त्याने आकडे रबरावर चिकटवले, बापाची सुरी धार लावून काढली आणि तिच्यासमोर ठेवली. चर्चच्या सोडतीत बक्षीस ठेवायच्या गोधडीवरची सगळी पानंफुलं दरवर्षी रोझलीच कापते, हे त्याला ठाऊक होतं. तिनेही आढेवेढे घेतले नाहीत. कोट काढला, दिवा जवळ ओढला.

"सुरी तिरपी नको, उभी धरा," आर्लन म्हणाला. "वळणावर सुरी फिरवू नका, रबर फिरवा."

"मला कापडाचं माहीत आहे ते."

"आणि शून्याचं पोट जपून. ते सुटं होतं."

त्र्याऐंशी वर्षांच्या त्या बोटांनी नवऱ्याचं मरणाचं साल कापलं. एकदाही सुरी चुकली नाही. चाराचा पाय आत वळवताना मात्र ती थबकली, चष्मा काढला, डोळे बाहीला पुसले आणि पाय पुरा केला. आर्लन खिडकीतून बाहेर बघत राहिला.

गुरुवारी त्याने ट्रकवर कॉम्प्रेसर चढवला. स्टेन्सिल चिकटवली, भोवती पडदा बांधला आणि वाळूचा फवारा मारला. रबर सोलून काढलं तेव्हा रेघेपुढे २०२४ उभं होतं, शेजारच्या १९३८ चं सख्खं भावंड शोभेल असं. रोझलीने त्यावरून तळवा फिरवला. "आता कळलं हो दगडाला," एवढंच म्हणाली.

मग पर्समधून तिने एक खाकी पाकीट काढून त्याच्या हातात दिलं. आत रबराचे तुकडे होते, नीट कापलेले, मागचा कागद तसाच ठेवलेले. एक दोन, एक शून्य. मग पुन्हा एक दोन आणि एक तीन. आणि मग शून्यापासून नऊपर्यंत सगळे.

"तिनाची पाळी येऊ नये," रोझली म्हणाली, "पण आमच्या घरातल्या बायका चिवट आहेत. आणि माझ्या रेघेपुढे शेवटचा कुठला लागेल ते मला काय माहीत, म्हणून उरलेलं रबर घरी नेऊन सगळेच कापले. तुझ्याकडे असू दे."

आर्लनने पाकीट दोन्ही हातांनी धरलं.