संघपालचा लेख ऐकलेले स्टूल

मी एक जुने लाकडी स्टूल आहे. नागपुरातल्या एका विद्यापीठाच्या विभागात, कोपऱ्यात, आता माझ्यावर पाण्याचा कॅन ठेवतात. नत्थू मिस्त्रींनी मला सागाच्या उरल्यासुरल्या फळ्यांतून ठोकूनठाकून बनवले, तेव्हा माझा एक पाय जरा आखूडच राहिला. पण मित्रांनो, एके काळी माझा मोठा मान होता.

शामला मॅडम मुलांना छापण्याजोगे लेख लिहायला शिकवीत. त्यांची एक रीत होती. लेख पाठवण्याआधी लिहिणाऱ्याने माझ्यावर बसून तो सगळ्यांना वाचून दाखवायचा. ऐकणाऱ्यांची चुळबुळ सुरू झाली, की तिथे लेखात खोट आहे असे समजायचे. भल्याभल्यांची घाबरगुंडी उडायची आणि माझा आखूड पाय त्यात भर घालायचा.

एकदा संघपाल बसला. त्याचे वडील धोंडबा गांधीबागेच्या बाजारात कापडाच्या गाठी वाहणारे हमाल. त्यांच्यावरच त्याने लिहिले होते. "गाठ उतरली का माहा बाप आधी आभाळाकडं पायते," हे वाक्य त्याने वाचले आणि वर्गात कोणी हललेसुद्धा नाही. मॅडमचेही डोळे भरून आले. मला वाटले, झाले, लेख जमला.

पण मॅडमची माया वेडी. लेख मोठ्या संशोधनपत्रिकेत यावा, त्याच्या जोरावर पोराला पीएचडीची जागा मिळावी, हा त्यांचा ध्यास. तिथे बाप चालत नाही, म्हणून त्यांच्या सांगण्यावरून बापाचा 'श्रमिक' झाला. आभाळाच्या जागी 'विश्रांतीचा अभाव आढळतो' आले. संघपाल मान खाली घालून त्याच एका फाइलवर खोडत गेला, लिहीत गेला. मॅडमना नाही म्हणणे त्याला जमले नाही आणि मॅडमनी त्याला कधी विचारले नाही. दर वाचनाला त्याचा आवाज बारीक होत गेला. मग तो येईनासाच झाला. कळमेश्वरच्या एका कारखान्यात लागल्याचे कानावर आले.

मॅडमनी पाठवलेला लेख मात्र स्वीकारला गेला. मॅडमनी हौसेने त्याला बोलावून घेतले. छापण्याआधी संमतीची त्याची सही तेवढी हवी होती. त्याने सगळी पाने वाचली आणि टेबलावर ठेवून दिली.

"तुम्ही माह्यासाठी लय केलं, मॅडम," तो म्हणाला. "पण यात माहा बाप कुठीच नाही. मी सही काहून करू?"

मॅडम गडबडून गेल्या. पहिला लेख आण, तोच पाठवू, असे म्हणाल्या. पण पहिला लेख कोणीच जपला नव्हता. मग पुन्हा लिही, मी एका अक्षराला हात लावणार नाही, असे त्यांनी विनवले.

"बसलो होतो लिहाले," संघपाल म्हणाला. "आता मीबी तुमच्यासारखंच लिहितो, मॅडम. तसं येतच नाही मले."

तो गेल्यावर मॅडमनी मला कोपऱ्यात सरकवले. त्यानंतर त्यांनी कोणालाही माझ्यावर बसवले नाही. मला फार वाईट वाटते, त्या पोराचे आणि त्या बाईंचेही.

मित्रांनो, कोणाचे लिखाण सुधारायला घ्याल, तेव्हा एवढे करा. यातले काय राहू द्यायचे, हे आधी त्यालाच विचारा. संघपालने लगेच सांगितले असते.