निळ्या झाकणाचा डबा

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाल्याच्या कॅनमध्ये मी बोट बुडवून बघते. भाजीवाला "अक्का, खास बामणोदची वांगी" म्हणाला की मी देठ उलटून बघते, आणि दहातल्या आठ वेळा तो थापा मारत असतो. माझा नवरा प्रेमराज म्हणतो, तू पोलिसात पाहिजे होतीस. तो पाइपच्या कारखान्यात आहे, सकाळी जातो, संध्याकाळी येतो आणि जगात सगळे बरे आहेत असं समजून झोपतो. दोघांच्या वाटचा संशय मलाच घ्यावा लागतो.

जळगावात आमच्या गल्लीत थंडीचे चार महिने माझ्या दारात पाटी असते: ऑर्डरप्रमाणे भरीत मिळेल. अंगणात कपाशीच्या वाळक्या काड्यांचा जाळ करायचा, त्यावर ती पांढुरकी-हिरवी, ढब्बू वांगी भाजायची, सालं काढून लाकडी बडगीत ठेचायची. त्यात भाजलेल्या मिरच्या, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. मिरच्या आम्ही मोजून घालत नाही. ज्याला झेपेल त्याने खावं.

फैजला झेपायचं नाही. हा माझ्या हितेंद्रचा शाळेपासूनचा मित्र, मोटार रिवायंडिंगच्या दुकानात कामाला होता. पहिल्यांदा माझ्या हातचं खाल्लं तेव्हा नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी "काकू, एक नंबर" म्हणत घास कोंबत होता. मला हसू आवरेना. तेव्हापासून मिरची पडायच्या आधी त्याचा वाटा मी बाजूला काढायचे, निळ्या झाकणाच्या डब्यात. "खानदेशात जन्माला आलास, लाज वाटू दे जरा," असं म्हणून त्याच्या हातात द्यायचे. दुसऱ्या दिवशी तो डबा घासून-पुसून परत आणायचा. आमच्या चिरंजीवांनी एवढ्या वर्षांत चहाचा कप मोरीत ठेवलेला नाही.

दोन वर्षांपूर्वी, डिसेंबरात, धरणगाव रस्त्यावरच्या एका शेतात या मुलांनी भरीत पार्टी केली आणि दुसऱ्या दिवशी दुपारी फैज त्याच शेतातल्या विहिरीत सापडला. डोक्यात मागून वार होता. शेत अमृतच्या मामाचं. अमृत, शेहजाद, हितेंद्र आणि फैज अशी ही चौकडी. अमृत आणि शेहजादला पोलिसांनी धरलं. हे दोघं शेतांतल्या मोटारींची केबल कापून आतलं तांबं विकायचे. ते तांबं एकदा फैजच्या दुकानात आलं, त्याने ओळखलं, आणि शेतमालकाला सांगेन म्हणाला. तेवढ्यावरून त्यांनी त्याचा जीव घेतला.

हितेंद्र सुटला, कारण तो साडेआठलाच घरी यायला निघाला होता. मला म्हणाला, फैजला कुणी बोलावलंच नव्हतं, तो मागाहून आपला आपण आला, मी निघालो तेव्हा तिघं गप्पा मारत होते. पोलिसांनी त्याला सरकारी साक्षीदार केलं. मलाही त्यांनी विचारलं, भरीत तुम्ही दिलं का? मी म्हटलं, हो, साडेसहाला दिलं. त्याहून जास्त त्यांनी विचारलं नाही. माझा मुलगा खऱ्याच्या बाजूने उभा राहणार, याचा मला अभिमान होता. दोनचार जणींना मी तो बोलूनही दाखवला.

खटला जळगावच्या सेशन कोर्टात सुरू झाला. माझं नाव साक्षीदारांत नव्हतं, त्यामुळे मी प्रत्येक तारखेला मागच्या बाकावर जाऊन बसायचे आणि एकेकाला तपासायचे. अमृतचा मामा पट्टेवाल्याशी काय कुजबुजतोय? शेहजादचा वकील आज इतका खुशीत का? आणि शहनाज, फैजची आई. नवरा वारल्यावर तिने एकटीने त्याला वाढवला होता. तो गेल्यावर ती धुळ्याला भावाकडे राहायला गेली होती, आणि प्रत्येक तारखेला एसटीने येऊन भिंतीजवळ बसायची. ती सारखी माझ्याकडे बघायची. मी बघितलं की नजर खाली. मला वाटायचं, ही माझ्या पोरावर डूख धरून आहे. हिच्यापासून सावध राहायला पाहिजे.

हितेंद्रच्या साक्षीचा दिवस आला. सरकारी वकीलबाईंनी विचारलं, "पार्टी कधी ठरली?"

"सकाळीच. आमची चौघांची."

"फैजला कोणी सांगितलं?"

"मीच. संध्याकाळी पाचला फोन केला. आईच्या हातचं भरीत आहे, ये म्हटलं."

"मग?"

"चौघं जेवलो. साडेआठला मी निघालो."

मी बाकावर ताठ झाले. घरी तर हा म्हणाला होता, फैजला कुणी बोलावलंच नाही! फोनचा रेकॉर्ड कोर्टात आधीच आला होता, पाचचा फोन त्याला नाकारता येण्यासारखा नव्हता, हे मला मागाहून कळलं. तेव्हा मी स्वतःची समजूत घातली की मुलं आईला अर्धंमुर्धंच सांगतात.

दुपारनंतर पंच उभा राहिला. शेतात काय काय सापडलं ते त्याने वाचून दाखवलं: स्टीलचा मोठा डबा एक, त्यात भरीत. पुऱ्यांचं पुडकं. कांद्याची पात. कागदी प्लेटांचं पाकीट. पाण्याच्या बाटल्या चार. मी वाट बघत होते निळ्या झाकणाच्या डब्याची. चौघं जेवले म्हणजे तो तिथे असायला हवा. यादी संपली. पंच खाली उतरला.

घरी आल्या आल्या मी स्वयंपाकघरात गेले. डबा फळीवर होता, डाळीच्या बरणीमागे. गेलाच नव्हता कुठे. मी तो हातात घेतला आणि ती संध्याकाळ जशीच्या तशी समोर आली. सहा वाजले होते. मी बडगीत वांगी ठेचत होते, मिरच्या बाजूला होत्या आणि फैजचा वाटा काढायला हाच डबा मी उघडला होता. हितेंद्र दारात उभा होता, पायातली चप्पल न काढता. आमच्या घरच्या अहिराणीत तो म्हणाला, "फैजनं काढू नको आई. तो नही येनार."

"का रे, भांडले का?"

"नही. कामावर शे."

मी डबा फळीवर ठेवला आणि मिरच्या सगळ्या एकदम बडगीत टाकल्या.

ज्याला पाचला फोन करून बोलावलं, तो येणार नाही असं त्याने सहाला मला सांगितलं. का? अख्ख्या गावावर संशय घेणारी मी, दोन वर्षं हा प्रश्न माझ्या स्वयंपाकघरातल्या फळीवर पडून होता आणि मी रोज त्याच्यासमोर उभी राहून डाळ काढत होते. माझीच मला शिसारी आली.

तरी आईचं मन वाट शोधतंच. मला वाटलं, फैजने आधी हो म्हटलं असेल, मग नाही म्हटलं असेल, आणि शेवटी गेला असेल. एवढं एक शहनाजने सांगावं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी धुळ्याची बस धरली.

शहनाज भावाच्या घरात मागच्या खोलीत शिवणकाम करत होती. मला बघून घाबरलीच. मग पाणी आणलं, चहा टाकला. मी इकडचं तिकडचं न बोलता विचारलं, "त्या दिवशी फैज जायचं नाही म्हणाला होता का?"

"नाही हो भाभी. पाचला फोन आला तेव्हापासून खुश होता. मी म्हटलं, दोन घास खाऊन जा, लांब जायचंय. तर म्हणाला, अम्मी, पोट रिकामं राहू दे. काकूने माझं वेगळं काढलं असेल."

माझ्या हातातला चहा मी खाली ठेवला.

"भाभी, कोर्टात तुम्हाला केव्हाचं विचारायचं होतं," ती म्हणाली. "तिथे लोकांसमोर हिंमत होत नाही. तुमचा हितेंद्र म्हणाला, चौघं जेवलो. मग त्याने पोटभर खाल्लं असेल ना? एवढंच विचारायचं होतं."

एवढ्यासाठी ती माझ्याकडे बघत होती. मी बस चुकेल म्हणाले आणि उठले. बसमध्ये पारोळ्यापर्यंत मी पदर तोंडात धरून रडले.

संध्याकाळी मी हितेंद्रसमोर डबा ठेवला. तो डब्याकडे बघत राहिला आणि खाली बसला.

"माले त्यास्नी एवढंच सांगेल व्हतं, त्याले बलाव," तो म्हणाला. "धाक दाखाडसूत, म्हने."

"मग त्याचं काढू नको का म्हणालास?"

"जेवण व्हनार नही, एवढं समजेल व्हतं माले."

मग हळूहळू बाकीचं बाहेर आलं. फैज आला, बूट काढले, चटईवर बसला आणि म्हणाला, माझा निळा डबा कुठाय? अमृतने हितेंद्रला डोळ्याने खुणावलं, तू निघ. भरताचा डबा अजून उघडलाही नव्हता, हितेंद्र उठला. फैज म्हणाला, अरे, जेवून तरी जा. हितेंद्रने गाडी चालू केली. मागे वळून बघितलं नाही, म्हणाला. जीव घेणार हे ठाऊक होतं का, असं मी तीनदा विचारलं. तीनदा तो नाही म्हणाला. माझा विश्वास बसला का? खरं सांगते, मला माहीत नाही. दूध पातळ आहे की नाही ते मला बोटाने कळतं. पोटच्या पोराचं कळेना.

प्रेमराज दारात उभा राहून सगळं ऐकत होता. म्हणाला, "कोनले काही सांगू नको. एकुलता एक पोऱ्या शे आपला."

"शहनाजना बी एकुलताच व्हता," मी म्हटलं.

त्याने माझ्याशी बोलणं सोडलं, ते आजतागायत. हितेंद्र आठ दिवस जेवायला माझ्यासमोर बसला नाही. नवव्या दिवशी मी सरकारी वकीलबाईंकडे गेले. त्यांनी सगळं ऐकलं, पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "ताई, तुम्ही हे कोर्टात बोललात तर कोर्ट तुमच्या मुलालाही आरोपी करू शकतं. घरी जाऊन विचार करा." मी म्हटलं, विचार करूनच आले. त्यांनी अर्ज दिला, कोर्टाने मला बोलावलं.

पिंजऱ्यात उभं राहून मी शपथ घेतली. सारिका प्रेमराज महाजन, वय सेहेचाळीस, धंदा भरीत करणे. फळीवरचा डबा सांगितला, मिरच्या सांगितल्या. जज्जसाहेब म्हणाले, मुलगा काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत सांगा. मी सांगितलं, "फैजनं काढू नको आई. तो नही येनार." टाइप करणाऱ्या मुलीने पुन्हा विचारलं, मला पुन्हा सांगावं लागलं. हितेंद्र दाराजवळ उभा होता. लहानपणी मी मारायला हात उचलला की तो जसा डोळे मिटायचा, तसे त्याने मिटले होते.

शेहजादचा वकील उठला. "बाई, दोन वर्षांपूर्वीचं एक वाक्य तुम्हाला आज बरं आठवलं? कोणी पढवलं तुम्हाला?"

माझ्यावर कुणीतरी संशय घेत होतं. बरोबरच होतं त्याचं.

"साहेब, स्वतःच्या मुलाविरुद्ध बोलायला कोण पढवतं?" मी म्हटलं.

"मयताने तिथे जेवण केलं की नाही, हे तुम्हाला काय माहीत? तुम्ही तिथे होता?"

मी त्याच्याकडे बघितलं नाही. भिंतीजवळ शहनाज बसली होती, पुढे वाकून, दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून. आज तिची नजर खाली गेली नाही. जज्जसाहेब म्हणाले, साक्षीदाराने कोर्टाकडे बघून उत्तर द्यावं. पण प्रश्न तिचा होता.

"नाही जेवला, शहनाज," मी म्हटलं. "मी त्याचं काढलंच नव्हतं. तो उपाशी गेला."