मैत्रीची गूळतुला

सुभद्राबाईंनी ज्वारीच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाशी दडवलेली बाटली चाचपून वर काढली. त्यांचे यजमान आबाजी पुढच्या अंगणात झोपाळ्यावर पेपर वाचत होते. झोपाळ्याच्या कड्या करकरत होत्या तोवर धोका नव्हता. बाईंनी चमचाभर गुलाबी औषध ओतलं आणि ओट्याखाली फतकल मारून बसलेल्या नातीपुढे धरलं. मैत्रीनं आपणहून आ केला. वरणभाताचा घास पाहिला की ओठ आवळून घेणारी ही पोर या औषधाला मात्र एका पायावर तयार असायची, कारण ते गोड होतं.

"शानी माजी बाय," सुभद्राबाई म्हणाल्या आणि बाटली पुन्हा ज्वारीत गेली.

त्यांनी एखादी गोष्ट मनावर घेतली आणि ती झाली नाही, असं अख्ख्या रहाटणीत कुणाला सांगता आलं नसतं. बोअरला तीनदा पाणी लागलं नाही, तर त्यांनी चौथ्यांदा मशीन आणवलं आणि पाणी लागल्यावरच जेवल्या. लेक प्रीतम तीस वर्षांचा होऊनही लग्नाला नाही म्हणत होता, त्याला राजगुरुनगरला 'जमिनीचा कागद बघायला' म्हणून नेलं आणि स्नेहलच्या हातचे पोहे खायला बसवलं. आता त्यांनी मनावर घेतलं होतं ते मैत्रीचं वजन.

तीन पिढ्यांत या घरात मुलगी जन्मली नव्हती. ही जन्मली, दोन वर्षांची झाली आणि भरली किती, तर आठ किलो सातशे. घराण्याची सहा एकर जमीन, मागं भाड्याच्या खोल्या, दारात दोन गाड्या, आणि नात ही अशी काडी. मुलांच्या डॉक्टर गौहर शेख यांनी रक्त तपासलं, लोहाचं औषध दिलं, काय खायला घालायचं ते लिहून दिलं आणि म्हणाल्या, "वजन कमी आहे, पण पोर चपळ आहे. वेळ द्या. ताटली घेऊन मागे धावू नका."

वेळ तेवढा सुभद्राबाईंकडे नव्हता. कारण हळदीकुंकवाला एका बाईनं, "नात आजारी असते का हो?" असं विचारलं होतं, आणि बाईंनी भर बैठकीत सांगून टाकलं होतं, "भैरवनाथाच्या उत्सवाला गूळतुला हाय तिची. एका पारड्यात माजी नात, दुसऱ्यात दहा किलोची अख्खी ढेप. बगायला या." तोंडातून गेलेला शब्द परत घेण्याची त्यांना सवय नव्हती. दुसऱ्या दिवशी त्या औषधाच्या दुकानात गेल्या आणि 'भुकेचं' मागितलं. दुकानदारानं चिठ्ठी मागितली नाही की पोरीचं वय विचारलं नाही.

औषध लागू पडलं. मैत्री खाऊ लागली. भाकरीचा पापुद्रा मागू लागली, वरणाची वाटी चाटूनपुसून देऊ लागली. दर रविवारी स्नेहल लेकीला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायची, मग स्वतःचं वजन त्यातून वजा करायची. स्नेहल चाकणच्या एका कंपनीत गिअरचे पार्ट तपासायची. केसाएवढा फरकसुद्धा तिच्या नजरेतून सुटत नसे. दोन महिन्यांनी आकडा आला नऊ किलो आठशे. सुभद्राबाईंनी सुनेकडे जरा दयेनंच पाहिलं. बिचारीला वाटत असेल, तिच्या नाचणीच्या सत्त्वानं झालं. स्नेहलही सासूकडे बघून हसली, आणि ते हसू बाईंना उगाच जरा जास्तच वाटलं.

पुढच्या गाळ्यात रहिमानचं रिक्षा दुरुस्तीचं गॅरेज होतं. तो बरीच वर्षं त्यांचा भाडेकरू होता. एकदा दूध घ्यायला आला तेव्हा म्हणाला, "काकी, मैत्री हल्ली गॅरेजकडे येतच नाही. आधी माझे लोखंडी पाने पळवायची."

"खाऊन सुस्तावतीय. भरल्या पोटाची झोप हाय ती."

"पण किरकिर पण लई करते हल्ली. आधी अशी नव्हती ती."

"पोरं म्हनल्यावर किरकिर करायचीच."

रहिमान दूध घेऊन गेला. पण त्याच्या बोलण्यानं बाईंच्या मनात कुसळ गेलं ते गेलंच. पोर दुपारी तीन-तीन तास झोपायची, उठली की कारण नसताना भोकाड पसरायची, सारखे ओठ चाटायची. उत्सवाला तीन आठवडे राहिले होते. तेवढं झालं की बंद करू, असं त्यांनी ठरवलं, आणि त्या दिवसापासून दुपारचा चमचा जरा घसघशीत भरू लागल्या.

गुरुवारी मैत्री जेवता जेवता झोपली. घास गालात तसाच, मान एका बाजूला कललेली. सुभद्राबाईंनी बोटानं घास काढला, तोंडावर पाणी मारलं. पोरीनं डोळे उघडले, पण त्यांत ओळख नव्हती. चेहरा लालबुंद, ओठ कोरडे ठाक. मग ती हवेत काहीतरी पकडू लागली, जिथं काहीच नव्हतं तिथं, आणि घाबरून किंचाळली.

"आवं!" बाईंनी हाक मारली ती इतकी मोठी, की आबाजींच्या आधी रहिमानच हातात पाना घेऊन धावत आला.

"दवाखान्यात नेऊ काकी. रिक्षा काढतो."

मैत्रीला आबाजींच्या हातात देऊन बाई तिची दवाखान्याची फाइल आणायला स्नेहलच्या खोलीत धावल्या. कपाट उघडून फाइल ओढली, तर तिच्यामागून एक बाटली गडगडत पुढं आली. तशीच बाटली. तसंच गुलाबी औषध. लेबलावर पेनाच्या बारीक रेघा, दर तारखेला दोन, आजच्या तारखेला एक.

पहिल्यांदा त्यांना संतापच आला. वजन वाढवलं कुणी, ही काय मध्येच आली वाटेकरी! आणि मग दोन रेघा आणि आपले दोन चमचे यांची बेरीज त्यांच्या ध्यानात आली. आयुष्यात इतकी भीती त्यांना कधीच वाटली नव्हती.

बाहेर रिक्षा फुरफुरत होती. ज्वारीच्या डब्यातलं कुणालाच ठाऊक नव्हतं. ही एक बाटली डॉक्टरांपुढं ठेवली, तर सगळं खापर सुनेवर फुटलं असतं आणि सुभद्राबाई कायमच्या सुटल्या असत्या. त्या दारापर्यंत गेल्याही. मग उलट्या फिरल्या, स्वयंपाकघरात आल्या आणि अख्खा डबा फरशीवर पालथा केला. ज्वारी घरभर पसरली. दुसरी बाटली उचलून त्या रिक्षात बसल्या.

डॉक्टर गौहर यांनी मैत्रीचे डोळे पाहिले, नाडी पाहिली, सलाइनची तयारी करायला सांगितली आणि विचारलं, "काय दिलंय हिला?"

बाईंनी दोन्ही बाटल्या टेबलावर ठेवल्या. "ह्ये. दोनी माज्याच."

"रोज किती?"

"चार चमचं. सकाळी, दुपारी, चारला आन् सांजच्याला. आज दुपारचा जरा भरून."

"आज सकाळपासून एकूण?"

"दोन."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरली. "काकू, हे मुळात ॲलर्जीचं औषध आहे. भूक लागते तो त्याचा साइड इफेक्ट. झोप, चिडचिड, तोंडाला कोरड, हेही साइड इफेक्टच. तुम्हाला एक हवा होता, बाकीचे न मागता आले. आणि हिच्या वजनाला तुम्ही चौपट दिलंय."

"वाचंल ना?"

"वेळेत आणलंत. किती दिलं तेही सांगितलंत, नाहीतर मी अंधारात चाचपडत बसले असते. रात्रभर इथं ठेवू."

प्रीतम आधी पोचला. त्यानं टेबलावरच्या बाटल्या पाहिल्या आणि आईवर तोंड सोडलं. "तुला कुणी सांगितलं होतं? डॉक्टर आहेस तू? तुझ्या त्या ढेपेपायी..." सुभद्राबाई भिंतीला टेकून ऐकत राहिल्या. लेकानं आजवर त्यांच्यापुढं आवाज चढवला नव्हता. आज चढवला, तर त्यांना ते रास्तच वाटलं.

तासाभरानं स्नेहल आली, कंपनीच्या गणवेशात, गळ्यात ओळखपत्र. आधी तिनं लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग तिची नजर टेबलाकडे गेली आणि ती जागीच खिळली.

"एक बाटली माझी आहे," ती म्हणाली.

"कायबी बोलतीय," सुभद्राबाई घाईनं म्हणाल्या. "घाबारलीय पोरगी. तू पानी पी आदी."

"नाही आई. रेघा माझ्या आहेत. सकाळी बस यायच्या आधी एक चमचा, संध्याकाळी आल्यावर एक. आजचा सकाळचा मी दिलाय."

प्रीतम एकदा आईकडे, एकदा बायकोकडे बघू लागला. आता कुणावर ओरडावं, हे त्याला उमगेना.

डॉक्टर म्हणाल्या, "मला बेरीज हवी होती. ती काकूंनी बरोबर दिली होती. कुणाचे किती, ते तुमचं तुम्ही वाटून घ्या."

बाहेरच्या बाकावर दोघी शेजारी बसल्या.

"मला का न्हाई सांगितलंस?"

"तुम्ही म्हणाला असता, कामाला जाते म्हणून पोरीला औषधावर पोसते."

"म्हनले आसते," सुभद्राबाईंनी कबूल केलं. थोड्या वेळानं म्हणाल्या, "आन् मी तुला सांगितलं आसतं, तर तू मला आडानी म्हनली आसतीस."

स्नेहलनं ते नाकारलं नाही. मग अचानक तिला रडू फुटलं. बाईंनी पदराचं टोक तिच्या हातात दिलं आणि स्वतः नुसत्या मनगटानं डोळे पुसले.

सकाळी मैत्रीनं डोळे उघडले आणि आजीचं नाक ओढलं. बाईंना त्या दुखण्यात इतकं सुख वाटलं की त्यांनी ते सोडवून घेतलंच नाही.

डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच झालं. औषध थांबलं तशी भूकही मागं सरली आणि काटा उतरू लागला. साडेनऊ, मग नऊ-तीनशे. पण पोर पुन्हा पळू लागली. रहिमानचे पाने पुन्हा जास्वंदीच्या कुंडीत सापडू लागले.

"गूळतुला पुढच्या साली करू," आबाजी म्हणाले. "झाकली मूठ सव्वा लाखाची."

"शबूद दिलाय मी."

"मंग पोरीच्या शालीखाली दोन-चार नारळ ठिवू. देवाला काय, चालतंय."

"देवाला चालंल. मला न्हाई चालनार."

उत्सवाच्या दिवशी मंडपात तराजू टांगला. एका पारड्यात गादी टाकून मैत्रीला बसवलं. दुसऱ्यात आबाजींनी आणि प्रीतमनं मिळून ढेप ठेवली. गुळाचं पारडं धपकन खाली गेलं आणि मैत्री वर जाऊन झोका घेऊ लागली. बायकांत कुजबुज झाली. हळदीकुंकवातली ती बाईही पुढंच बसली होती.

सुभद्राबाईंनी पदर खोचला. ढेप उतरवून घेतली, पायरीवर ठेवली आणि नारळ फोडायचा दगड घेऊन स्वतः फोडली. मग एकेक तुकडा पारड्यात टाकू लागल्या. घाई नव्हती. सगळ्या गावानं बघावं, असंच त्या टाकत होत्या.

चुलतपुतण्याची बायको तेजस्विनी, कडेवर आपला किडकिडीत मुलगा घेऊन, जवळ आली. "काकी, मध्ये चांगलं बाळसं धरलं होतं हिनं. तेव्हा मी विचारलं, तर तुम्ही घरचं तूप म्हणालात."

"खोटं बोलले मी," सुभद्राबाई म्हणाल्या, आणि मंडपातल्या शेवटच्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगू लागल्या, "भुकेचं औषध घातलं व्हतं. डाक्टरला न इचारता. पोरगी हातची जात व्हती. कुनाच्या घरात ती गुलाबी बाटली आसंल, तर उद्या डाक्टरला दाखवा. लाज वाटली तर मला बोलवा, मी येती संगं."

मागच्या रांगेतून एक तरुण बाई हळूच उठली आणि लेकराला घेऊन घराकडे निघाली.

शेवटचा खडा टाकताच पारडी बरोबरीला आली. नऊ किलो दोनशे, पुजाऱ्यांनी मोठ्यानं सांगितलं. ढेपेचा एक मोठा तुकडा पायरीवर उरला. त्यातलाच एक कपचा घेऊन बाईंनी मैत्रीच्या तोंडाशी नेला.

मैत्रीनं ओठ आवळले. मान फिरवली. "नको!"

"नाक धरा की, गिळंल," गर्दीतून कुणीतरी सुचवलं.

सुभद्राबाईंचा हात क्षणभर तिथंच थांबला. मग त्यांनी तो गूळ आपल्याच तोंडात टाकला, नातीला पारड्यातून उचललं आणि खाली सोडलं. ती गर्दीतून वाट काढत पळत सुटली. तिच्या मागं ताटली घेऊन कुणी गेलं नाही.