आम्झेलची मोरकी

जर्मनीतल्या एर्लेनबाखच्या कुरणावर वर्षातून एकदा, जुलैत, घोड्यांच्या शर्यती भरतात, आणि मर्विन टॅकेट एकवीस वर्षं त्यांना न चुकता येत होता. हा रिपनचा माणूस, बस आगारातून निवृत्त झालेला. त्याच्या इंग्लंडात शर्यतींना काही तोटा नाही, घरातून चालत निघालं तरी एक मैदान लागतं. पण माणसाला दुसऱ्याच्या ताटातलंच गोड लागतं, त्याला काय करणार! जर्मन घोड्यांची त्याला अशी ओढ लागली होती, की बायको हयात असताना म्हणायची, याला माझ्या आजीचं नाव विचारा, सांगता येणार नाही. कुठल्याही जर्मन घोडीची खापरपणजी विचारा, झोपेतून उठून सांगेल. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती. आईच्या नावाचं पहिलं अक्षर लेकीला द्यायची तिकडची रीत, त्यामुळे घराणी ध्यानात ठेवणं सोपं जातं. आम्झेलच्या सात पिढ्यांतल्या सगळ्या घोड्या ‘आ’च्या, आणि सातही त्याला पाठ.

आम्झेल ही रोझविटा टीमानची घोडी. रोझविटा पंचाहत्तरीची, विधवा, हाडांनी काटक. तिच्याकडे फक्त स्वतःचे घोडे शिकवण्याचा परवाना होता, दुसऱ्याचं जनावर तिला शर्यतीसाठी ठेवता येत नसे. पूर्वी सहा होते, आता दोन उरले. शर्यतीच्या दिवशी घोड्यांच्या गाडीमागे ती घडीच्या खुर्च्या मांडायची, घरून चिनी मातीचे कप आणायची आणि आंबट चेरीचा केक कापायची. हिरव्या काठाचा कप मर्विनचा. गेली सोळा वर्षं तो दुसऱ्या कुणाला मिळाला नव्हता.

गाडीच्या आत एका खिळ्यांच्या ओळीवर जुन्या चामडी मोरक्या टांगलेल्या असत. घोडं गेलं तरी तोंडावरची मोरकी घरी राहते, ही तिच्या नवऱ्याची, लोथारची शिस्त होती. विकत घेणाऱ्यानं आपली आणावी. टोकाची मोरकी फाल्केची. फाल्केला एका इंग्रजानं विकत नेलं, अडथळ्यांच्या शर्यतीत पळवलं आणि दुसऱ्याच हिवाळ्यात कुंपणावरून पडून त्याची मान मोडली. बातमी मर्विननंच आणली होती. रोझविटानं ती ऐकून घेतली आणि इतकंच म्हटलं, की माझं जनावर पुन्हा त्या समुद्रापलीकडे जाणार नाही.

त्या दिवशी आम्झेल शेवटचं पळणार होती. पुढच्या वसंतात तिला घोडा दाखवायचा, एक शिंगरू घ्यायचं, आणि मग आपण आपले डोळे मिटायला मोकळ्या, असा रोझविटाचा हिशेब. शेवटची शर्यत जिंकावी म्हणून तिनं आम्झेलला विक्रीच्या शर्यतीत घातलं होतं. या शर्यतीत दुबळे घोडे पळतात, कारण पळालेला प्रत्येक घोडा विकाऊ असतो. शर्यत संपली की यादीत नाव असलेल्या ज्याला हवा त्यानं बोलीची चिठ्ठी पेटीत टाकायची, मोठी बोली त्याचा घोडा, पैसे मालकाला. मालकालाही स्वतःच्या घोड्यावर चिठ्ठी टाकून तो राखता येतो. रोझविटानं कधी टाकली नव्हती. एर्लेनबाखला टीमानबाईंच्या घोड्यावर कुणी चिठ्ठी टाकत नाही, हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळ्यांना, म्हणजे मर्विनलाही. आणि मर्विननं ते दुसऱ्या एकाला सांगितलं होतं.

झालं असं. मर्विन आपल्या वेबसाइटवर जर्मन घोड्यांबद्दल लिहायचा. वाचणारे असतील शंभरेक. जूनमध्ये एका संध्याकाळी त्याला क्रिस्पिन ओल्ड्रॉइडचा फोन आला. हा मोठ्या मोठ्या तबेल्यांसाठी घोडे हेरणारा दलाल, आजवर मर्विनला ओळखसुद्धा न दाखवणारा. म्हणाला, जर्मन घोड्यातलं तुमच्याइतकं इंग्लंडात कुणाला कळत नाही असं ऐकतो. झालं. मर्विन हरभऱ्याच्या झाडावर चढला तो शेंड्यापर्यंत. लांब पल्ल्याची, लोखंडासारख्या पायांची, औषधाचा थेंब न लागलेली अशी एखादी, असं ओल्ड्रॉइडनं विचारलं, आणि यानं आम्झेलचं नाव सांगितलं. नुसतं नाव सांगून थांबला असता तरी चाललं असतं. विक्रीच्या शर्यतीत पळणार आहे, तिथे तिच्यावर कुणी बोलीच लावत नाही, हेही सांगून टाकलं. फोन ठेवल्यावर त्याला आपण काय केलं ते कळलं. पण तो येतोय कशाला इतक्या लांब, असं म्हणून त्यानं स्वतःची समजूत घातली.

आणि त्या दिवशी सकाळी, खोगीर चढवायच्या रिंगणाशी, पनामा हॅट घातलेला ओल्ड्रॉइड त्याला दिसला.

मर्विन गाडीपाशी आला तेव्हा रोझविटा कॉफी गाळत होती. त्यानं हिरवा कप हातात घेतला. एक वाक्य बोलायचं होतं: आज तुझ्या घोडीवर तूच चिठ्ठी टाक. पण लगेच ती विचारणार, का? आणि मग कोण आलाय, आणि त्याला कुणी सांगितलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं होतं, तिनं नुसतं साखर हवी का विचारलं तरी तो दचकत होता. तो मूग गिळून बसला. तिनं केकचा तुकडा वाढला, त्यानं खाल्ला. दुसरा वाढला, तोही खाल्ला. खाल्ल्या घरचे वासे मोजणारी माणसं असतात, यानं तर आख्खं आढंच विकून टाकलं होतं.

मग त्याला युक्ती सुचली. गेल्या वर्षी तीन मित्रांबरोबर त्यानं एका घोड्यात चतकोर वाटा घेतला होता, म्हणून मालकांच्या यादीत त्याचं नाव होतं. चिठ्ठी त्यालाही टाकता येणार होती. नव्या गाडीसाठी बाजूला काढलेले सगळे पैसे लावायचे, घोडी सोडवायची आणि उद्या गुपचूप रोझविटाला परत करायची. कुणाला काही सांगायलाच नको.

आम्झेल अर्ध्या घोड्याच्या अंतरानं जिंकली. शेवटच्या वळणापर्यंत ती मागे होती, आणि कुंपणाशी उभा असलेला वेंडेलिन छातीवर टोपी दाबून काय काय पुटपुटत होता. वेंडेलिन म्हणजे रोझविटाचा तबेल्यातला माणूस, तीस वर्षं तिच्या घोड्यांना सकाळची धाव देणारा, मनानं गाय आणि दुसऱ्या बिअरनंतर जिभेनं सैल. घोडी जिंकली तसा तो रडायलाच लागला. रोझविटानं विजयाची माळ आम्झेलच्या गळ्यात घातली, तेव्हा मर्विन चिठ्ठ्यांच्या पेटीपाशी उभा होता.

थोड्या वेळानं कर्ण्यातून पुकारा झाला. आम्झेलसाठी दोन चिठ्ठ्या. घोडी इंग्लंडच्या मर्विन टॅकेट यांना.

कुरणावर कुजबुज पसरली. शेजारच्या तबेल्याचा मालक मर्विनकडे पाहून थुंकला. ओल्ड्रॉइड मात्र हॅट उचलून हसत हसत जवळून गेला. “तुम्हीच सुचवलीत आणि तुम्हीच नेलीत! वाटला नव्हतात तुम्ही इतके चलाख,” तो इंग्रजीत म्हणाला. आजूबाजूला कुणाला ते समजलं नाही, म्हणून मर्विननं देवाचे आभार मानले. अशा गोष्टीसाठी देवाचे आभार मानायची वेळ त्याच्यावर आली होती.

रोझविटा पांढऱ्याफटक चेहऱ्यानं आली. मर्विननं तिला अर्धं खरं सांगितलं. एक इंग्रज दलाल टपून बसलेला दिसला, वेळ थोडा होता, म्हणून मी चिठ्ठी टाकली. घोडी तुझीच आहे, माझे पैसे तेवढे दे. लोथारच्या दफनाच्या वेळीसुद्धा कुणाच्या गळ्यात न पडलेली ती बाई भर कुरणात त्याच्या गळ्यात पडली. थुंकलेल्या शेजाऱ्यानं येऊन हात मिळवला. गाडीमागे नेऊन तिनं त्याला लोथारच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर एरवी तिची पर्स असे, माणूस कधी बसत नसे. मर्विनला ती खुर्ची तापलेल्या तव्यासारखी लागत होती, पण तो बसला.

मग रोझविटा आपल्याशीच बोलावं तसं म्हणाली, “पण त्या मेल्याला कळलं कसं? आम्झेलवर इथं कुणी चिठ्ठी टाकत नाही हे बाहेरच्याला कसं ठाऊक? आपल्यातल्याच कुणीतरी सांगितलंय.”

कप विसळणारा वेंडेलिन थांबला.

“मालकीणबाई,” तो म्हणाला, “ते माझ्याच तोंडून गेलं असणार. शुक्रवारी बिअरच्या मांडवात दोन-तीन इंग्रज होते. मी बोललो असेन.”

“असेन म्हणजे? बोललास की नाही?”

“आठवत नाही हो. पण माझ्याशिवाय बोलणार कोण? तुम्ही बोलणार नाही. हा तर बोलणारच नाही.” त्यानं मर्विनकडे बोट दाखवलं.

रोझविटा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. फाल्के मेला तेव्हा तू दोन दिवस जेवला नव्हतास, एवढं तिनं त्याला सांगितलं. आणि मग सोमवारपासून तबेल्यात येऊ नकोस म्हणाली. वेंडेलिननं मान हलवली. त्याला ते बरोबरच वाटत होतं.

आणि खरं सांगायचं तर, त्या क्षणी मर्विनला सुटल्यासारखं वाटलं. घोडी वाचली, आपण वाचलो, आणि पाप जिरवायला एक भला माणूस आपणहून पुढे आला. चोर सोडून संन्याशाला फाशी होत होती आणि चोर खुर्चीवर बसून बघत होता. आपल्याला बरं वाटलं, हे पुढे त्याला फोनवरच्या त्या बढाईपेक्षाही जास्त टोचत राहिलं.

वेंडेलिननं हिरवा कप पुसला, कॉफीनं भरला आणि दोन्ही हातांनी त्याच्यापुढे धरला. “घे, इंग्रजा. माझं पाप तू निस्तरलंस. तू नसतास तर मी या बाईला तोंड कसं दाखवलं असतं?”

मर्विनच्यानं तो कप घेववेना. “मी सांगितलं,” तो म्हणाला.

“काय सांगितलंस?”

“ओल्ड्रॉइडला. जूनमध्ये, फोनवर. आम्झेलचं नाव, शर्यत, कुणी चिठ्ठी टाकत नाही, सगळं मीच सांगितलं. यानं काही केलेलं नाही.”

माळेची पानं कुरतडत आम्झेल गाडीला बांधलेली उभी होती. रोझविटानं तिच्याकडे बघतच विचारलं.

“तो आलाय हे तुला कधी कळलं?”

“सकाळी.”

“मी कॉफी गाळत होते तेव्हा?”

“त्याच्या जरा आधी.”

“म्हणजे तुला माहीत होतं आणि तू इथं बसून दोन तुकडे केक खाल्लास.” तिचा आवाज चढला नव्हता. “अरे, मला एक शब्द बोलला असतास तर मीच चिठ्ठी टाकली असती. फुकटात मिटलं असतं. तो एक शब्द बोलायला लागू नये म्हणून तू माझी घोडी विकत घेतलीस.”

आपण घोडी वाचवायला नव्हे, तोंड लपवायला चिठ्ठी टाकली, हे मर्विनला तिच्या तोंडून कळलं, आणि कळल्यावर ते नाकारावंसंही वाटेना. तो एवढंच म्हणाला, की घोडी परत घे, मला पैसेसुद्धा नकोत.

“उद्याचं उद्या,” रोझविटा म्हणाली. “आज ती तुझी आहे. सगळ्या कुरणानं ऐकलंय. परक्याची घोडी माझ्या परवान्यात बसत नाही. आज तूच सांभाळ.” मग वेंडेलिनकडे न बघता तिनं त्याला सोमवारी जरा लवकर ये म्हणून सांगितलं.

ती उठून आम्झेलपाशी गेली. कपाळावर हात ठेवला, कानामागचा बंद सैल केला आणि चामडी मोरकी उतरवून घेतली. दोरही सोडवून घेतला. गाडीत जाऊन तिनं ती फाल्केच्या मोरकीशेजारच्या खिळ्यावर टांगली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

आम्झेल मोकळी उभी होती. सात पिढ्या पाठ असलेल्या मर्विननं आयुष्यात कधी घोडं धरलेलं नव्हतं. ती दोन पावलं मागे सरली, त्यानं हात पुढे केला, तशी ती आणखी सरली. पलीकडे गाड्यांची रांग होती, त्यापुढे रस्ता. कुरणावरचे चार लोक हे सगळं पाहत होते, पण कुणी हललं नाही.

मग वेंडेलिन पुढे आला. त्यानं कमरेचा पट्टा सोडला, हळूच आम्झेलच्या मानेभोवती घातला, बक्कल अडकवलं आणि उरलेलं टोक मर्विनच्या मुठीत दिलं.

“घट्ट धर,” तो म्हणाला, “पण ओढू नकोस.”

आणि एका हातानं आपली विजार सावरत तो कप आवरायला गेला.