डिअर डेप्युटी

आमचे हे चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या एका खात्यात आकडेवारीचं काम करतायत. आकडे तपासतात हे, टिपण लिहितात हे, आणि खाली सही करतात दुसरेच. गेली सहा वर्षं ते दुसरे म्हणजे शशिकांत साहेब. यांच्या मेहनतीचे तीन जाडजूड अहवाल घरात आहेत, पण एकातही यांचं नाव औषधाला सापडायचं नाही. विचारलं की म्हणतात, "अगं, सरकारात काम खुर्ची करते, माणूस नाही." मी अकरावी-बारावीला गणित शिकवते. फळ्यावर पोरानं एक गणित सोडवलं तरी भर वर्गात त्याचं नाव घेऊन शाबासकी देते. त्यामुळे या खुर्चीच्या तत्त्वज्ञानावरून आमच्याकडे वर्षानुवर्षं भांड्याला भांडं लागत आलंय.

या एकतीस तारखेला हे रिटायर होणार होते. दिल्लीतलं आर. के. पुरमचं सरकारी क्वार्टर सोडून फरीदाबादच्या आमच्या फ्लॅटमध्ये जायचं, म्हणून अर्धं घर खोक्यांत गेलं होतं. आणि नेमकं त्याच सुमारास यांचं प्रेम जडलं. एका सॉफ्टवेअरवर!

झालं असं, की यांच्या ऑफिसनं विकतचं सॉफ्टवेअर बंद करून एक ओपन सोर्स घेतलं. म्हणजे ज्याची आतली सगळी कृती उघडी. कुणीही वाचावी, चूक दिसली तर दुरुस्त करून पाठवावी. त्याचं नाव कुठल्याशा पक्ष्याचं आहे, पण चित्रात तो मला कावळाच वाटतो. ऑफिसातल्या बाकीच्यांनी नाकं मुरडली. हे मात्र रविवारी पोहे गार होईपर्यंत ती आतली कृती वाचत बसायला लागले. माझी एक चिठ्ठी कधी इतक्या मन लावून वाचली नसेल.

एका रविवारी ओरडले, "चूक आहे!"

मला वाटलं, मी गॅस चालू ठेवला की काय. पण चूक कावळ्याची होती. सर्वेक्षणात प्रत्येक घराला एक वजन देतात: हे एक घर अशा किती घरांच्या वतीनं बोलतंय, ते त्याचं वजन. तपासणीत बाद झालेल्या घराचं वजन शून्य. शून्य म्हणजे त्यानं गप्प बसायचं. पण मधला आकडा काढताना वजनांची बेरीज बरोबर अर्ध्यावर येऊन थांबली, की हा कावळा त्या बाद घरालाही पंगतीत बसवत होता. मला पटेना. पाठकोऱ्या कागदावर सात घरं घेऊन मी हातानं गणित केलं. यांचंच बरोबर निघालं. जगभरचे लोक वापरतात ते सॉफ्टवेअर, आणि चूक सापडली आमच्या जेवणाच्या टेबलावर! माझा तर ऊर भरून आला. म्हटलं, चला, रिटायर व्हायच्या आत एकदा तरी कुठे यांचं नाव लागेल. खरं सांगते, यांच्यापेक्षा मलाच ते जास्त हवं होतं.

यांनी अडीच पानांचं पत्र तयार केलं. अस्सल सरकारी इंग्रजीत: विषय, संदर्भ, सविनय निवेदन, आणि शेवटी 'योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर'. आमची लेक सलोनी गुडगावला सॉफ्टवेअर कंपनीत आहे, रविवारी मेट्रोनं येते. पत्र वाचून ती सोफ्यावर आडवी झाली.

"बाबा, यार! हे लिहिलंय कुणाला?"

"तेच विचारतोय. तिथे प्रमुख कोण?"

"तसं साहेब वगैरे कोणी नाही. चार-पाच जण बघतात, त्यांच्यापैकी कोणीतरी वाचेल. बरोबर असेल तर घेतील."

"असं कसं? मग उद्या काही चुकलं तर धरायचं कुणाला?" हे खरोखरच अस्वस्थ झाले.

सलोनीनं अडीच पानांच्या चार ओळी केल्या, बदल पाठवायची सगळी व्यवस्था यांच्या लॅपटॉपवर लावून दिली आणि पर्स उचलली. "अच्छा, आता ते फक्त विचारेल तुम्ही कोण. तेवढं भरा आणि पाठवून द्या." ती गेली. यांनी भरलं आणि पाठवलं. मी तेव्हा स्वयंपाकघरात बरण्यांना वर्तमानपत्र गुंडाळत होते. तिथेच माझं चुकलं.

तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, नॉर्वेतल्या कुणा मारितबाईंचं. सुरुवातच 'डिअर डेप्युटी' अशी.

"बघ, काय सलगी!" हे म्हणाले, पण खूश दिसले. मला वाटलं, यांनी सवयीनं कुठेतरी हुद्दा लिहिला असणार आणि बाई गंमत करतायत.

बाईंनी कळवलं होतं, ही चूक पुन्हा होणार नाही याची खात्री पटेल असं एक छोटं उदाहरण जोडा. यावर आधी हे फुरंगटले. "पुरावा मागतात! माझ्याकडे!" मग चार संध्याकाळी खपून एकाच्या जागी अकरा उदाहरणं पाठवली. त्यातलं पहिलं माझ्या सात घरांचं. बाईंनी दुरुस्ती घेतली आणि लिहिलं, 'थँक यू, डेप्युटी, ब्यूटिफुल वर्क.' ते वाक्य यांनी मी भाजी चिरत असताना दोनदा वाचून दाखवलं, मग वरच्या मजल्यावरच्या बॅनर्जींना जिन्यात गाठून हिंदीत समजावून सांगितलं. बिचारे बॅनर्जी हातात भाजीची पिशवी घेऊन ऐकत उभे.

एकोणतीस तारखेला, शनिवारी, नवी आवृत्ती बाहेर आली. तिच्यासोबत, ज्यांनी ज्यांनी हातभार लावला त्या सगळ्यांची यादी छापतात. मी आदल्या दिवशीच श्रीखंडासाठी चक्का टांगला होता. सलोनी खोकी बांधायला आली होती. मी चष्मा लावला आणि यादीत थेट 'व्ही'पाशी गेले. व्हॅलेरी होती, व्हिक्टर होता. आमचे हे नव्हते. म्हटलं, आडनाव आधी लिहिलं असेल, म्हणून 'टी'पाशी पाहिलं. तिथेही नव्हते.

"वरून बघ," हे शांतपणे म्हणाले.

वरून बघितलं. डॅनिएल आणि दिमित्री यांच्या मधोमध बसले होते 'डेप्युटी डायरेक्टर, को-ऑर्डिनेशन'.

"हे काय आहे?"

"मीच की तो."

"परवापर्यंत! एक तारखेला त्या जागी तुमच्या हाताखालचा धीरज येणार ना? मग सुट्टीच्या दिवशी माझ्या टेबलावर बसून केलेलं हे काम धीरजचं झालं?"

"खुर्चीचं," हे म्हणाले.

माझा पारा चढला. "कुठली खुर्ची? ही?" यांच्या बुडाखाली आमच्या टेबलाची खुर्ची होती, एक पाय दोरीनं बांधलेली. "हिनं शोधली चूक? मग शाल-नारळ देऊन हिचाच सत्कार करू या!"

हे हसायला लागले. मग माझ्या डोळ्यांकडे लक्ष गेलं आणि हसणं थांबलं.

"मला तुमचं नाव छापलेलं वाचायचं होतं हो," मी म्हटलं. "एकदाच. एवढंही तुम्हाला जमू नये?"

सलोनीनं चिकटपट्टी खाली ठेवली. "आई, चिल. होतं दुरुस्त. तिथे एक फाइल असते, त्यात एका ओळीत सांगायचं की हा हुद्दा म्हणजे हा माणूस. मग यादीतही बदलतात. बाबांनी स्वतः पाठवलं की झालं." तिथेच थांबली असती तर आमची लेक कसली! "पण आई, एक सांग. तू तरी कुठे घेतेस बाबांचं नाव? अहो, हे, ऐकलंत का... मला तर शाळेच्या फॉर्मवरून कळलं होतं, बाबांना नाव आहे म्हणून."

"जास्त बोलू नकोस," मी म्हटलं. पण लागलं ते बरोबर जागी. एकतीस वर्षांत मी नाव घेतलं ते लग्नातल्या उखाण्यात आणि नंतर दोन हळदीकुंकवांना. तेही बायकांनी वाण अडवून धरलं म्हणून.

हे लॅपटॉप पुढे ओढून बसले. एका बोटानं टाइप करत नाव लिहिलं, मग आडनाव. आणि हात थांबला.

"पुढे काय लिहू?"

"कशाच्या पुढे?"

"नावाच्या. परवापासून मी..." चौतीस वर्षांत नावापुढे काही नाही, अशी वेळ यांच्यावर आलीच नव्हती. मला एकदम यांची फार माया आली.

"काही नको. नुसतं नाव."

"अगदीच मोकळं दिसतं गं."

"दिसू दे."

"बरं. पाठवायच्या आत एकदा बघून घे."

मी यांच्या खांद्यावरून वाकले. सलोनी बघत होती, बघू दे. एकतीस वर्षांच्या सवयीनं जीभ जड झाली होती, तरी मी शेजारच्या खोलीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं वाचलं, "विश्वास तारळेकर."

हे काही वळले नाहीत, स्क्रीनकडेच बघत राहिले. कान मात्र लालबुंद झाले.

"परत वाच," म्हणाले.