लागू नसेल ते खोडा

घड्याळ चालू आहे असं मी तेव्हाच म्हणतो, जेव्हा त्याचा काटा पुढे सरकताना मला स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो. आमच्या धंद्यात 'चालू'चा तेवढाच अर्थ. परवाना कार्यालयातल्या तीन नंबरच्या खिडकीत त्याचा अर्थ वेगळा असावा, कारण तिथल्या बाई गेले सात महिने मला एकच वाक्य ऐकवत होत्या: चौकशी चालू आहे. मी त्यांचं नावच 'चालू-आहे बाई' ठेवलं होतं. त्यांच्या डोक्यावरचं भिंतीवरचं घड्याळ अकरा मिनिटं मागे होतं. फुकटात नीट करून देतो म्हणालो, तर त्यासाठी वेगळा अर्ज करा म्हणाल्या.

चौकशी माझीच होती. मला एक रायफल विकत घ्यायची होती. माणसं मारायला नाही आणि जनावरं मारायलाही नाही. पन्नास मीटरवर एक कागद टांगलेला असतो, त्यावरच्या काळ्या वर्तुळाला मधोमध भोक पाडायला. चार वर्षं मी दर रविवारी नेमबाजीच्या क्लबात जातोय. घड्याळजीचा स्थिर हात, एक डोळा मिटून बघायची सवय, नाजूक काम करताना श्वास धरून ठेवायची सवय, सगळं तिथे उपयोगी पडलं. साठीच्या आतल्या हौशी नेमबाजांची एक मोठी स्पर्धा असते, तिच्यात गेल्या वर्षी मी क्लबची रायफल घेऊन चौथा आलो. चौथ्याला काही मिळत नाही, पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. माझ्यासाठी उभ्या आयुष्यात कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या. घड्याळ दुरुस्त करून दिलं की माणसं ते कानाला लावतात आणि निघून जातात.

यंदा स्पर्धेचा नियम बदलला. रायफल स्वतःची, स्वतःच्या नावावर हवी. आणि यंदाच मला साठ पूर्ण होणार. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही. नावं द्यायची मुदत या महिनाअखेरपर्यंत.

रायफल मी निवडून ठेवली होती. बंदुकीच्या दुकानदाराने तिला माझ्या नावाची चिठ्ठी दोऱ्याने बांधून कपाटात उभी केली होती. दर पंधरा दिवसांनी मी जाऊन बघून यायचो. तिसऱ्या महिन्यात चिठ्ठीवरची शाई फिकी झाली, पाचव्या महिन्यात दुकानदाराने नवी चिठ्ठी लिहिली, आणि सातव्या महिन्यात तो मला म्हणाला की काका, दुसरं एक गिऱ्हाईक विचारतंय, त्याची चौकशी वीस दिवसांत झालीय. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. वीस दिवसांत त्याची चौकशी होते आणि माझी सात महिने होत नाही! मी काय दरोडेखोर आहे? चाळीस वर्षं एका जागी बसून लोकांच्या वेळा नीट करतोय. पोलिसात एक ओळ नाही माझ्या नावावर. शेजाऱ्यांकडे चौकशी झाली, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं. दुकानाच्या गल्लीत झाली, तिथेही चांगलंच सांगितलं. घरीही एक हवालदार येऊन गेला होता. मी दुकानात होतो. बायको म्हणाली, आले होते, एक फॉर्म भरून घेतला, चहा पिऊन गेले. मग घोडं अडलं कुठे?

सरकारी काम, सहा महिने थांब, असं म्हणतात. मी सातवा महिना संपवत आणला होता.

खिडकीच्या काचेला खाली अर्धगोल भोक होतं, त्यात तोंड घालून बोलायचं तर कमरेत वाकावं लागे. साठीच्या माणसाने वाकून विचारायचं आणि पलीकडच्या बाईंनी मान वर न करता सांगायचं. चौकशी चालू आहे. कुणाकडे आहे? वर आहे. वर म्हणजे कुठे? टपालात आहे. कुणाच्या टपालात? ते सांगता येत नाही. ताकास तूर लागू द्यायची नाही, असं बहुतेक तिथे शिकवूनच बसवत असावेत. एकदा मी काचेवर हाताने थाप मारली. जोरात नाही, पण रांगेतल्या लोकांनी पाहिलं. शिपाई येऊन म्हणाला, काका, शांत बसा. शांत! मी शांतच होतो. शांत नसतो तर काच राहिली नसती.

सगळा वैताग मग घरी येई. येणारच, माणूस घरी नाही ओरडणार तर कुठे ओरडणार? टेलिफोनवर 'आपण प्रतीक्षेत आहात' ऐकून मी एकदा फोन भिंतीवर आपटला. जुनाच होता. बायकोने तुकडे गोळा केले, काही बोलली नाही. ती कधीच काही बोलत नाही, हा तिचा मोठा गुण. आमच्या घरात काचेचं काही नाही. कप, ताटल्या, पेले, सगळं स्टीलचं. बरीच वर्षं झाली तिने बदलून घेतलं त्याला, मला वाटतं टिकाऊ असतं म्हणून. फोटोंच्या चौकटींनाही काच नाही. लेक दूर नोकरीला असते. ती आईला फोन करते तो नेमका मी दुकानात असताना. तिच्या कामाच्या वेळाच तशा आहेत.

मुदतीला आठ दिवस उरले तेव्हा मी ठरवलं की आज हलायचं नाही. तीन नंबरसमोर उभा राहिलो आणि काय अडलंय ते दाखवल्याशिवाय जाणार नाही म्हणून सांगितलं. मागच्या माणसाने कुरकुर केली, त्यालाही सुनावलं. चालू-आहे बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. त्याही कंटाळल्या असाव्यात. त्यांनी फाईल काढली, एक पान उघडलं, काचेला लावलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडून नाही अडलेलं. तुमच्याच घरातून अडलंय."

तो घरी भरून घेतलेला फॉर्म होता. कुटुंबीयांचे म्हणणे. खाली छापलेलं: अर्जदाराला शस्त्र देण्यास माझी हरकत आहे / नाही. लागू नसेल ते खोडा. आणि 'नाही' या शब्दावरून निळी रेघ ओढलेली होती. एकदा नाही, दोनदा.

मला हसूच आलं. हात्तिच्या! सात महिने! बायकोने जे ठेवायचं ते खोडलं होतं आणि जे खोडायचं ते ठेवलं होतं. फॉर्म म्हटला की तिची गडबड होतेच, बँकेतही एकदा जन्मतारखेच्या जागी आजची तारीख घातली होती. आधी रेघ नीट उमटली नसेल म्हणून पुन्हा ओढली, हेही मला लगेच कळलं. मी बाईंना म्हणालो की चूक झालीय, उद्या तिलाच घेऊन येतो. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग पान मिटून म्हणाल्या, मी हे तुम्हाला दाखवायला नको होतं.

घरी जाऊन मी बायकोला झापलं. अगं, वाचता येत नाही का? एका रेघेपायी माझं वर्ष जात होतं. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. उद्या अकराला तयार राहा म्हणालो. बरं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने बाहेर जायचे चांगले कपडे घातले होते. रस्ताभर मी तिला पढवत होतो. साहेब विचारतील, हरकत आहे का, तू म्हणायचं नाही. एवढंच. एक शब्द. ती मान हलवत होती.

आम्हाला वरच्या मजल्यावर पाठवलं. तिथल्या अधिकारी म्हणजे माझ्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या एक बाई, पण सगळे त्यांना साहेबच म्हणत होते. टेबलावर फाईल, शिक्के, पाण्याचा काचेचा ग्लास. साहेबांनी मला बाहेर थांबायला सांगितलं. मी म्हणालो, बाहेर कशाला, तीस वर्षांचा संसार आहे, मला माहीत नाही असं ती काय सांगणार आहे?

"राहू देत त्यांना," बायको म्हणाली. "इथे माणसं आहेत."

याचा अर्थ मला त्या क्षणी लागला नाही. साहेबांना लागला असावा. त्यांनी दार उघडं ठेवायला सांगितलं आणि बायकोला विचारलं की आम्ही तुम्हाला दोन पत्रं पाठवली, खुलासा करा म्हणून, मिळाली का? बायकोने पर्स उघडली आणि दोन्ही पाकिटं टेबलावर ठेवली. नीट कापून उघडलेली, वाचलेली, पुन्हा घडी घातलेली. मी ती आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

"ही रेघ चुकून ओढली गेली का?"

बायको गप्प. दोन सेकंद, चार, सहा. मला सेकंद मोजायची सवय आहे, आणि मला ते सहन होत नाही. माझ्या डोक्यात तिडीक गेली. अगं सांग ना, चुकून म्हणून, असं मी ओरडलो आणि टेबलावर आपटायला हात वर उचलला.

आणि बायकोने माझ्याकडे न बघता, साहेबांकडेच बघत, पाण्याचा ग्लास उचलून पलीकडे सरकवला.

आपण तो सरकवला हे तिला कळलंही नसावं. हात आपोआप गेला, माझा भिंगाकडे जातो तसा. घाबरून नाही, घाईने नाही. इतक्या सफाईने केलेलं काम हजारदा केल्याशिवाय येत नाही, हे मला कुणी सांगायला नको. माझा हात वरच राहिला. दुकानात चाळीस वर्षांत माझ्याकडून एक काच फुटलेली नाही. केसाएवढ्या स्प्रिंगा या हातांनी बसवल्यात. म्हणजे हात थांबवता येत होता. कायमच येत होता. स्टीलचे पेले आठवले, काच नसलेल्या चौकटी आठवल्या, लेकीच्या फोनच्या वेळा आठवल्या, आणि मला लाज वाटली. इतकी की खुर्ची कुठे आहे ते कळेना. मग हात खाली घेऊन मी बसलो.

"चुकून नाही," बायको म्हणाली. "यांनी घरी विचारलं असतं तर मी चुकून म्हणाले असते." मग ती म्हणाली, "बंदुकीला माझी काही हरकत नाही, साहेब. हरकत यांच्या हाताला आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. पेनचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी माझ्यापुढे एक कागद ठेवला. हरकत आली की अर्जदाराचंही म्हणणं घ्यावं लागतं म्हणाल्या. अमान्य असेल तर वर अपील करता येतं, तिथे निकाल बहुतेक महिन्याभरात लागतो, आणि कुणी सांगावं, तुमच्या बाजूनेही लागेल. मुदत वाढवून द्या अशी स्पर्धेवाल्यांना विनंतीही करता आली असती, ते मला ठाऊक होतं. कागदावर छापलं होतं: वरील हरकत मला मान्य आहे / नाही. लागू नसेल ते खोडा.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत होतो. ते काळं वर्तुळ डोळ्यांपुढे आलं, टाळ्याही आल्या. दाराबाहेर कुणीतरी किती वेळ लागतोय म्हणून वैतागून शिपायाला विचारत होतं. शिपाई त्याला म्हणाला, चालू आहे.

बायको माझ्याकडे बघत नव्हती. ती पाण्याच्या ग्लासावर बोटं ठेवून बसली होती.

मी साहेबांकडे पट्टी मागितली. त्यांनी शिक्क्यांखालून काढून दिली. ती 'नाही'वर ठेवून मी एकच रेघ ओढली, सरळ, या टोकापासून त्या टोकापर्यंत, ती चुकून ओढली असं उद्या कुणालाही म्हणता येऊ नये अशी.