बासष्ट यंत्रांची फेरी

रोज सकाळी सात वाजता मी संग्रहालयाचं शटर वर करते आणि बासष्ट यंत्रांत एकेक नाणं टाकते. पत्र्याचे फुटबॉलवाले लाथा झाडतात, काचेतली बाहुली भविष्याची चिठ्ठी देते, मनगटाची ताकद मोजणारा लोखंडी पैलवान डोळे वटारतो. मग मागचे कप्पे उघडून तीच नाणी काढायची, उद्यासाठी. दोन तास जातात. अकरा वर्षांत मी गावाबाहेर एक रात्र राहिलेली नाही.

शंभर वर्षांपूर्वीची ही करमणुकीची यंत्रं बाबांनी भंगारातून उचलून आणली, खपून नीट केली. शेवटच्या दुखण्यात मला बजावलं, "रोज एकदा सगळी फिरव हं, नाहीतर स्प्रिंगा आखडतील." दादा तिकीटखिडकी सांभाळतो. त्याच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला तर तो पाठ खाजवेल. त्यामुळे फेरी माझ्याच गळ्यात पडली.

आता दुसऱ्या गावच्या एका कारखान्यानं मला बोलावलंय. मनोऱ्यांवरची मोठी घड्याळं दुरुस्त करतात तिथे. शनिवारपर्यंत होकार कळवायचाय. मी महिनाभर दादाच्या मागे भुणभुण लावली होती, की या फेरीनं माझा जीव नकोसा झालाय. शेवटी तो म्हणाला, "फेरी करणारं माणूस मिळू दे, मग खुशाल जा." पहिल्या उमेदवारानं बाहुलीची मान मोडली. दुसरा फुटबॉल खेळतच बसला. गुरुवारी तिसरी आली, शिलाई मशीन दुरुस्त करणारी, कमी बोलणारी.

परीक्षा म्हणून मी पैलवानाचा एक स्क्रू मुद्दाम ढिला करून ठेवला होता. तिनं कान लावला, दोनदा टिचकी मारली आणि चार मिनिटांत तो डोळे वटारू लागला. मला तिला मिठीच मारावीशी वाटली. मनातल्या मनात मी बॅग भरायला घेतली.

मग तिनं आतल्या चाकावरून नख फिरवलं.

"ताई, हे रोज चालवता?"

"रोज. एक दिवस चुकवलेला नाही," मी ऐटीत म्हटलं.

"तरीच दाते झिजलेत. महिन्यातून एकदा पुरे असतं हो. नवी स्प्रिंग घातली, की ती बसेपर्यंत पंधरा-वीस दिवस रोज फिरवतात. पुढे कशाला?"

बाबा गेले त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या स्प्रिंगा बदलल्या होत्या. आता बस कर, असं सांगायला ते राहिलेच नाहीत.

मी दादाकडे वळले. "तुला कधी शंका नाही आली?"

"मला काय कळतंय त्यातलं? मला वाटलं, तुला आवडतं."

मला इतका राग आला की कोणावर काढावा तेच कळेना. चार हजार सकाळी मी पाण्यात घातल्या, आणि यंत्रांचंही वाटोळं केलं.

दादाचा चेहरा मात्र उजळला. "अगं, म्हणजे तुझा त्रासच संपला की! महिन्यातून एकदा काय, हसत होईल. सकाळी निवांत झोपत जा. आता कशाला परगावी जाऊन हाल सोसायचे?" माझ्या उत्तराची वाट न पाहता त्यानं वहिनीला फोन लावलासुद्धा. "अगं ऐक, ही आता जात नाहीये! हो ना, फेरीचाच कंटाळा होता तिला."

मला जायचंय. एवढंच म्हणायचं होतं. पण महिनाभर मी फेरीचंच कारण पुढे केलं होतं, आणि ते कारण आता उरलं नव्हतं. नुसतं मला हवंय म्हणून, असं या घरात मी कधी काही मागितलेलं नाही. फोनवर वहिनीचा आनंदी आवाज मला इथपर्यंत ऐकू येत होता.

त्या मुलीनं हातांचं वंगण फडक्याला पुसलं. एकदा दादाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे.

"म्हणजे मी निघू का, ताई?" तिनं हळूच विचारलं.

मी तिची पिशवी उचलून तिच्या हातात दिली.